सजीवांची राज्ये किती? सूक्ष्मदर्शक, पेशी आणि वर्गीकरणाचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास

१/ मिरी तिखट का लागते? हॉलंडमधील डेल्फ्ट नगरातल्या एका कापडव्यापाऱ्याला १६७६ साली हा प्रश्न पडला होता. मिरीच्या कणांना बारीक काटे असावेत आणि तेच जिभेला टोचत असावेत, अशी त्याची अटकळ. त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि काही आठवड्यांनी त्या पाण्याचा थेंब भिंगापुढे धरला. काटे दिसले नाहीत. दिसले ते हजारो वळवळणारे जीव. त्या जीवांना सृष्टीच्या कोणत्या घरात जागा द्यायची, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. त्या वादाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ या व्यापाऱ्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३). विद्यापीठाचे शिक्षण नाही, लॅटिन येत नाही, लिहिणे-बोलणे केवळ डच भाषेत. कापडाची वीण तपासायला भिंग वापरण्याची त्या धंद्यात रीतच होती. लेव्हेनहूकने मात्र स्वतःची भिंगे स्वतः घडवली. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये बसवलेले मण्याएवढे एकच भिंग आणि समोर नमुना टोचण्यासाठी टाचणी, एवढेच त्याचे यंत्र. त्यांपैकी आज उपलब्ध असलेले सर्वांत प्रभावी भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते.

३/ त्याच्या आधी, १६६५ साली, लंडनमध्ये रॉबर्ट हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. बुचाचा पातळ काप पाहताना हूकला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे दिसली. त्यांना त्याने ‘सेल’, म्हणजे छोटी खोली, असे नाव दिले. मराठीत आपण त्यालाच पेशी म्हणतो. हूकने पाहिली ती घरे रिकामी होती. बुचातील जीव केव्हाच गेला होता आणि उरल्या होत्या त्या फक्त भिंती. पेशीला नाव मिळाले ते असे मृत अवशेषांवरून. मुक्तपणे जगणाऱ्या एकपेशीय जीवांचे दर्शन घडले ते डेल्फ्टच्या त्या भिंगातून.

४/ ९ ऑक्टोबर १६७६ रोजी लेव्हेनहूकने लंडनच्या रॉयल सोसायटीला सविस्तर पत्र पाठवले. तिथे कोणाचा विश्वास बसेना. नेहेमिया ग्रूसारख्या निष्णात निरीक्षकाला ते जीव दिसले नाहीत. तेव्हा लेव्हेनहूकने धर्मगुरू आणि नोटरी यांच्यासह आठ प्रतिष्ठितांची लेखी साक्ष धाडली. अखेर हूकने आपली उपकरणे सुधारली आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजी मिरीच्या पाण्यातील जीव सोसायटीच्या सभासदांना प्रत्यक्ष दाखवले. १६८० साली हा कापडव्यापारी त्याच सोसायटीचा सभासद म्हणून निवडला गेला.

५/ लेव्हेनहूकने या जीवांना ‘छोटे प्राणी’ म्हटले. त्यामागे एक जुनी समजूत होती. ॲरिस्टॉटलच्या काळापासून युरोपात सजीवांची दोनच घरे मानली जात: जे हालते, खाते ते प्राणी, जे स्थिर राहून वाढते ती वनस्पती. थेंबातले जीव पोहत होते, म्हणून ते प्राणी ठरले. १६८३ साली त्याने दातांवरच्या पांढऱ्या थरातही असेच जीव पाहिले. आज त्यांना आपण जीवाणू म्हणतो. नव्या यंत्राने नवे जग दाखवले होते, पण त्याची मांडणी जुन्याच खान्यांत झाली.

६/ स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७३५ साली ‘सिस्टेमा नॅचुरे’ प्रसिद्ध केले आणि निसर्गाची तीन राज्ये मांडली: खनिजे, वनस्पती, प्राणी. हजारो सजीवांना त्याने नेटकी द्विनाम नावे दिली; सूक्ष्मजीवांपाशी येऊन मात्र तो अडखळला. या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत त्याने त्यांना कृमींच्या वर्गात ढकलले आणि त्यांतल्या अनेकांसाठी एक प्रजाती योजली. तिचे नाव ‘केऑस’, म्हणजे गोंधळ. वर्गीकरणाच्या जनकाने दिलेली ही प्रामाणिक कबुलीच म्हणायची.

७/ पुढील प्रगती रखडली त्याला कारण काचेचे. अनेक भिंगांच्या सूक्ष्मदर्शकात प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगळ्या ठिकाणी एकवटे, त्यामुळे प्रतिमेभोवती रंगीत कडा उमटत आणि तपशील पुसला जाई. जोसेफ जॅक्सन लिस्टर या इंग्रज मद्यव्यापाऱ्याने १८३० साली हा दोष दूर करणाऱ्या भिंगांच्या रचनेचे शास्त्र मांडले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ब्राऊनने वनस्पतींच्या पेशीतील केंद्रकाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. १८३८–३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी सांगितले की वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले आहेत.

८/ त्याच सुमारास बर्लिनच्या क्रिस्टियान एहरेनबर्गने एक अभिनव प्रयोग केला. सूक्ष्मजीवांच्या पाण्यात त्याने नीळ आणि किरमिजी रंग मिसळला. त्यांच्या शरीरात रंगीत ठिपके उमटले. ती अनेक जठरे होत, असे त्याने ठरवले. १८३८ च्या भव्य सचित्र ग्रंथात त्याने प्रत्येक सूक्ष्मजीवाला जठर, स्नायू, इंद्रिये अशी संपूर्ण शरीररचना बहाल केली. चित्रे अप्रतिम होती, अर्थ मात्र चुकला होता. ते ठिपके म्हणजे गिळलेल्या अन्नाच्या तात्पुरत्या पोकळ्या होत्या. डोळ्यांनी ठिपका पाहिला. जठर पुरवले ते मनाने.

९/ १८४५ साली कार्ल फॉन झिबोल्डने निर्वाळा दिला की यांतले अनेक जीव म्हणजे एकेकच पेशी. आता जुनी दोन घरे अधिकच अपुरी वाटू लागली. युग्लिनाचे उदाहरण घ्या. तो हिरवा आहे, उन्हात स्वतःचे अन्न तयार करतो, आणि शेपटीसारख्या कशाभिकेने पोहतोही. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला आपला म्हणत, प्राणिशास्त्रज्ञ आपला. एकच जीव दोन शास्त्रांच्या पुस्तकांत सुखाने नांदत होता.

१०/ या पेचातून मार्ग म्हणून इंग्लंडच्या जॉन हॉगने १८६० साली आणि जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलने १८६६ साली स्वतंत्र राज्याची कल्पना मांडली. हेकेलने दिलेले ‘प्रोटिस्टा’ हे नाव टिकले. डार्विनचा ग्रंथ येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. हेकेलने वर्गीकरणाला वंशवृक्षाचे रूप दिले आणि वृक्षाच्या तळाशी ‘मोनेरा’ नावाचा गट ठेवला: केंद्रकही नसलेले, निव्वळ जीवद्रव्याचे आद्य गोळे. असे जीव असलेच पाहिजेत, अशी त्याची खात्री होती.

११/ ती खात्री महागात पडली. १८५७ साली अटलांटिकच्या तळातून काढलेला चिखल मद्यार्कात जपून ठेवला होता. १८६८ साली थॉमस हक्स्लीने तो सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिला, तेव्हा त्याला त्यात चिकट, जाळीदार पदार्थ आढळला. हक्स्लीला वाटले, हेच हेकेलचे आद्य जीवद्रव्य! त्याने हेकेलच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले ‘बॅथिबियस हेकेली’. सागरतळावर सर्वत्र जिवंत चिखल पसरला आहे, या कल्पनेने अनेकांना भारावून टाकले.

१२/ ‘चॅलेंजर’ या जहाजावरील मोहिमेला (१८७२–७६) मात्र ताज्या चिखलात बॅथिबियस सापडेना. जहाजावरील रसायनशास्त्रज्ञ जॉन बुकॅनन याने कोडे उलगडले. समुद्राच्या पाण्यात मद्यार्क भरपूर मिसळला की कॅल्शियम सल्फेटचा साका बसतो. तोच हा ‘आद्यजीव’. नमुना टिकवण्याच्या द्रव्यानेच जीव निर्माण केला होता. हक्स्लीने १८७५ साली आपली चूक जाहीरपणे मान्य केली. हेकेलने मात्र ती कल्पना सहजासहजी सोडली नाही.

१३/ दरम्यान जीवाणूंचा अभ्यास वेगळ्या वाटेने पुढे गेला. ब्रेस्लाउच्या फर्डिनांड कोनने १८७२ साली जीवाणूंची आकारांनुसार मांडणी केली: गोल, दंडाकार, नागमोडी. त्यांचे नाते नीलहरित शैवालांशी असावे, हेही त्याने ओळखले. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कोलकात्यात पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू वेगळा काढला. वैद्यकाला एवढे पुरेसे होते. कोणता जंतू कोणता रोग करतो हे कळले की तो प्राणी की वनस्पती याची चिंता डॉक्टरांना नव्हती.

१४/ खरी अडचण प्रकाशाची होती. १८७३ साली अर्न्स्ट ॲबे याने दाखवले की भिंग कितीही उत्तम घडवले, तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. ही मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर. अनेक जीवाणूंची लांबी एक-दोन मायक्रोमीटर. म्हणजे जीवाणूची आकृती दिसते, अंतरंग दिसत नाही. जीवाणूला केंद्रक आहे की नाही, हा वाद त्यामुळे अनेक दशके अनिर्णित राहिला.

१५/ फ्रान्सच्या एदुआर शातों याने १९२५ साली एका लेखात दोन शब्द वापरले: ‘प्रोकॅरिओट’ आणि ‘युकॅरिओट’. मराठीत आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी. लेखाचा मुख्य विषय वेगळाच होता, आणि या शब्दांची सविस्तर व्याख्याही त्याने तिथे केली नाही. शब्द जवळजवळ विस्मृतीत गेले. ते टिकले शातोंचा शिष्य आंद्रे ल्वोफ याच्या स्मरणात.

१६/ प्रकाशाची मर्यादा ओलांडली ती प्रकाश सोडून देऊन. अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नोल यांनी १९३१ साली बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधला. त्यासाठी नमुना निर्वातात ठेवावा लागे, म्हणजे तो मृतच असे. शिवाय त्याचे अतिशय पातळ काप हवे असत. ही कला १९५० च्या दशकात साधली. प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशींत पटलवेष्टित केंद्रक, तंतुकणिका, हरितलवके असा भरला संसार दिसला. जीवाणूंच्या पेशीत जनुकद्रव्य उघड्यावर होते. त्याभोवती पटल नव्हते.

१७/ १९६२ साली रॉजर स्टेनियर आणि कॉर्नेलिस व्हान नील यांनी ‘जीवाणू म्हणजे काय’ या प्रश्नाला वाहिलेला निबंध लिहिला. जीवाणूची स्पष्ट व्याख्याच नसणे हे त्यांच्या मते या शास्त्राचे दीर्घकालीन लांच्छन होते. ल्वोफकडून कळलेले शातोंचे शब्द त्यांनी पुढे आणले. सजीवांतील सर्वांत खोल दरी वनस्पती आणि प्राणी यांच्यामधली नसून पेशींच्या या दोन प्रकारांमधली आहे, हे आता सर्वमान्य झाले.

१८/ पाठोपाठ दोन मोठ्या घटना घडल्या. १९६७ साली लिन मार्ग्युलिसने मांडले की तंतुकणिका आणि हरितलवके हे एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होते आणि मोठ्या पेशीत ते वस्तीला आले. हा निबंध छापून येण्यापूर्वी अनेक नियतकालिकांनी नाकारला होता. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकरने पाच सृष्टी सुचवल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. महाराष्ट्रातील शाळकरी मुले विज्ञानाच्या पुस्तकात आजही पाठ करतात ती पद्धती हीच.

१९/ मांडणी सुबक होती, पण तिच्या पायात एक कच्चा दगड होता. आदिकेंद्रकी जीवांची ओळख ‘नाही’ या शब्दावर उभी होती: केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. गावात ज्यांच्या घराला माडी नाही ती सगळी घरे एकाच भावकीतली, असे म्हणण्यासारखेच हे. माडी नसणे हे नात्याचे प्रमाण होत नाही. नाते तपासायचे तर वंशावळ हवी. आणि जीवाणूंची वंशावळ कोणत्याही सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हती.

२०/ ती शोधण्याचा ध्यास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वूझने घेतला. मूळचा तो भौतिकशास्त्राचा पदवीधर. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिने बनवणारे रायबोझोम असतात. त्यांतील सुमारे दीड हजार अक्षरांचा एक आरएनए रेणू त्याने निवडला. किरणोत्सारी फॉस्फरसने तो खुणावायचा, विकराने त्याचे तुकडे करायचे, आणि क्ष-किरण फिल्मवर उमटलेल्या काळ्या ठिपक्यांवरून प्रत्येक तुकड्यातील अक्षरांचा क्रम ताडायचा. फिल्म प्रकाशमेजावर ठेवून वूझ वर्षानुवर्षे हे ठिपके वाचत बसला.

२१/ १९७६ साली त्याचा सहकारी राल्फ वुल्फ याने मिथेन वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा नमुना पुरवला. सूक्ष्मदर्शकाखाली ते साधे जीवाणूच वाटत. फिल्मवर मात्र जीवाणूंच्या ठरावीक खुणा गायब होत्या. वूझने प्रयोग पुन्हा केला. तोच निकाल आला. दृश्यकेंद्रकींच्या खुणाही नव्हत्या. हे जीव जीवाणूच नाहीत, असे त्याने वुल्फला सांगितले. तीनशे वर्षे दोहोंना एकाच नजरेने पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एक संपूर्ण तिसरे घराणे लपून राहिले होते.

२२/ नोव्हेंबर १९७७ मध्ये वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांचा शोधनिबंध आला. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. त्याच दिवशी वुल्फला नोबेल विजेत्या साल्वादोर लुरियाचा दूरध्वनी आला: या भाकडकथेपासून दूर व्हा, नाहीतर तुमच्या कारकिर्दीचे वाटोळे होईल, असा त्याचा आशय. निबंध न वाचताच अनेक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी वूझला विक्षिप्त ठरवले. मुळात अबोल असलेला वूझ या अनुभवाने दुखावला, आणि ती सल त्याच्या मनात दीर्घकाळ राहिली.

२३/ पुरावा मात्र वाढत गेला. म्युनिकच्या ओटो कांडलरने दाखवले की या जीवांच्या पेशीभित्तिकेत जीवाणूंमधील पेप्टिडोग्लायकन नाही. त्यांच्या पटलांतील स्निग्ध पदार्थांचे रासायनिक बंधही निराळे निघाले. १९९० साली वूझ, कांडलर आणि व्हीलिस यांनी तीन अधिक्षेत्रे मांडली: बॅक्टेरिया, आर्किया, युकॅरिया. उत्क्रांतिशास्त्राचा ज्येष्ठ पंडित अर्न्स्ट मायर याने १९९८ मध्येही विरोध केला. त्याचा मुद्दा होता की इतके सारखे दिसणारे जीव वेगळे कसे मानायचे? वाद अखेर इथेच येऊन ठेपला होता: वर्गीकरण रूपाचे करायचे की वंशाचे?

२४/ आर्किया म्हणजे दूर देशीची नवलाई नव्हे. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन तयार करतात ते आर्कियाच. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. त्या रंगामागे होते क्षारप्रिय हॅलोआर्किया. पाणी आटल्याने क्षारता वाढली आणि गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे हे जीव बेसुमार वाढले. सूक्ष्मदर्शकाला वेगळे ओळखता न आलेले घराणे लोणारच्या काठावरून नुसत्या डोळ्यांना दिसत होते.

२५/ २०१५ साली आर्क्टिक सागरतळातील गाळाच्या डीएनएमधून आर्कियांचा एक नवा गट उजेडात आला. त्यांच्या जनुकांत दृश्यकेंद्रकींची मानली जाणारी अनेक जनुके होती. जीव मात्र कोणी पाहिला नव्हता. जपानी शास्त्रज्ञांनी खोल समुद्रातील गाळातून तशाच एका आर्किआची वाढ करण्यासाठी १२ वर्षे खर्ची घातली. २०२० मध्ये त्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्र प्रसिद्ध झाले: अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासची गोल पेशी, आत केंद्रक नाही, आणि बाहेर पसरलेल्या लांब, फांद्या फुटलेल्या भुजा.

२६/ अशाच भुजांनी एखाद्या आर्किआने कधीकाळी जीवाणूला कवटाळले, तो जीवाणू पुढे तंतुकणिका झाला आणि त्यातून दृश्यकेंद्रकी पेशी घडली, असे त्या शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. आज अनेक अभ्यासक दृश्यकेंद्रकींना आर्कियांच्याच वृक्षाची एक फांदी मानतात. तसे असेल तर मूळ घराणी पुन्हा दोनच उरतात, आणि माणूस, वड आणि अळंबी ही सारी त्यांतल्या एका घराण्याच्या उपशाखेत जमा होतात.

२७/ म्हणून ‘सजीवांच्या सृष्टी किती?’ या प्रश्नाचे उत्तर लिहिताना ‘कोणत्या साली?’ हेही विचारावे लागते. दोन, तीन, चार, पाच, पुन्हा तीन आणि कदाचित पुन्हा दोन. प्रत्येक उत्तर त्या काळी हाती असलेल्या साधनाला जेवढे दिसले तेवढे खरे होते. एहरेनबर्गची जठरे आणि हक्स्लीचा चिखल हे दोन्ही निष्णात डोळ्यांचेच अपराध होते. हक्स्लीने चूक कबूल केली. हूकने नवे उपकरण करून पुन्हा पाहिले. वूझने निकाल विचित्र आला म्हणून फिल्म फेकून दिली नाही, प्रयोग पुन्हा केला. मिरीच्या पाण्याच्या त्या थेंबापासून आजवर हे शास्त्र पुढे सरकले ते असे, पुन्हा पाहण्याची तयारी असलेल्यांमुळे.

(समाप्त) #विज्ञानाचा_इतिहास